मंदारची जागा

लास व्हेगासला जाऊन आले असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग डोळे मिचकावून विचारतात, "मग, किती घालवले?" इथल्या, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनच्या, मराठी मंडळाच्या पॉटलकच्या जेवणाला मला हे निदान तिघाचौघांनी विचारलं. मी प्रत्येकाला "काही नाही" म्हणाले, आणि ते खोटं नाही. मी आणि माझे बाबा, आम्ही दोघांनी तिथे एक नाणंसुद्धा लावलं नाही. तरी इतकी रिकामी होऊन मी आजवर कुठल्याच प्रवासातून परतले नव्हते. हातात कागदी प्लेट घेऊन उभ्याउभ्या हे सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. ज्यांना तिथली कारंजी, रोषणाई आणि बुफे यांची माहिती हवी असेल त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. मी त्यातलं काहीच धड पाहिलं नाही.

मंदार माझा धाकटा भाऊ. नागपूरला शिकला, इथे येऊन एम.एस. केलं, ॲरिझोनात चँडलरला एका मोठ्या कंपनीत इंजिनियर म्हणून लागला. सगळं कसं पत्रिकेत लिहिल्यासारखं चाललं होतं. मग त्याला पोकरच्या स्पर्धांचा नाद लागला. आधी सुट्टीत खेळायचा, मग सुट्टी काढून खेळायला लागला, मग नोकरीच सोडली. ते त्याने बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे जुगार." फोन कोणी आधी ठेवला यावर दोघांचं एकमत नाही. त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या आणि दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. आई असती तर तिने कोणाचा तरी कान धरून मिटवलं असतं. ती नाही, आणि मला कोणाचाच कान धरता येत नाही.

या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे होते. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी निघतानाच बजावलं होतं की हा शेवटचा लांबचा प्रवास, यापुढे नागपूर सोडायचं नाही. परतीचं तिकीट जवळ आलं तसे बाबा गप्प व्हायला लागले. एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "वृंदा, निघायच्या आधी एकदा मंदूला बघून घेतो."

"बाबा, तो बोलेल की नाही सांगता येत नाही."

"बोलला नाही तरी चालेल. नुसता बघतो. आणि त्याला कळवू नकोस. कळवलं तर कारण काढेल."

एवढ्यासाठी आम्ही निघालो. एका माणसाला आपला मुलगा एकदा बघायचा होता.

फिनिक्स

बाबांना जागा धरायची सवय आहे. आम्ही लहान असताना एसटी स्टँडवर गाडी पुरती थांबायच्या आत ते खिडकीतून रुमाल आत टाकत, आणि मग आम्ही सगळे राजासारखे चढत असू. लग्नाची पंगत असो, नाट्यगृह असो, दवाखान्यातला बाक असो, बाबा पुढे जाऊन जागा धरणार आणि आमच्यातलं कोणी येईपर्यंत तिथून हलणार नाहीत. घरातल्या माणसांवरचं प्रेम त्यांनी कधी तोंडाने सांगितलं नाही. जागा धरल्या.

चँडलरसाठी विमानाने फिनिक्सला उतरल्यावर बॅगा येईपर्यंत टेकावं म्हणून त्यांनी दोन खुर्च्या हेरल्या. एकीवर बसले, दुसरीवर माझ्यासाठी आपला निळ्या चौकटींचा रुमाल ठेवला आणि डोळे मिटले. मी पाणी घेऊन आले तर एक उंच अमेरिकन बाई वाकून, दोन बोटांत तो रुमाल धरून त्यांना म्हणत होती, "सर, यू ड्रॉप्ड धिस." बाबांनी थँक्यू म्हणून तो घेतला, खिशात घातला, आणि बाई त्या खुर्चीवर बसली.

"या लोकांना रुमाल कळत नाही," बाबा मला म्हणाले. आम्ही दोघंही हसलो. या सगळ्या प्रवासात आम्ही मनापासून हसलो ते तेवढंच.

चँडलर

बाहेरचं ऊन पाहून नागपूरच्या माणसाला बरं वाटलं. भाड्याच्या गाडीपाशी मुद्दाम थोडा वेळ उन्हात उभं राहून त्यांनी निकाल दिला, "तापमान आहे, पण आपल्यासारखी झळ नाही." मंदारचं घर एका मातकट रंगाच्या वसाहतीत आहे. सगळी घरं इतकी सारखी की माणूस चुकून दुसऱ्याच्या संसारात शिरायचा. बेल वाजवली, कोणी दार उघडलं नाही. शेजारच्या घरातून एक मुलगी बाहेर आली, आम्हाला बघून परत आत पळाली आणि ओरडली, "मॉम, मंदार अंकल्स डॅड इज हिअर! ही लुक्स एक्झॅक्टली लाइक हिम!"

शेजारी प्राची आणि सचिन, पुण्याचे, दोघंही आयटीत. मंदारची किल्ली त्यांच्याकडे होती, कारण तो महिनोन्महिने नसला की प्राची त्याच्या कढीपत्त्याला पाणी घालते. तिने दार उघडून दिलं. आत शिरल्यावर मला वाटलं, एखादं कुटुंब सोडून गेलेलं घर असतं तसं हे आहे. दिवाणखान्यात सोफा नाही, टीव्ही नाही. मधोमध हिरव्या कापडाचं एक टेबल, आणि इतक्या मोठ्या टेबलाला खुर्ची एकच. बाबा त्या खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले. मंदार दहावीला होता तेव्हा रोज संध्याकाळी असेच उभे राहायचे, पाठीवर हात बांधून.

"काका, तुम्ही काळजी करू नका," रात्रीच्या जेवणाला बोलावून सचिन म्हणाला. "मंदार टॉप क्लास प्लेयर आहे यार. हे बघा, पहिला दिवस टिकला, डे टूला पोचलाय!" त्याने फोन पुढे केला. एका वेबसाइटवर व्हेगासला चाललेल्या मोठ्या स्पर्धेची ताजी खबर येत होती. कोणाकडे किती चिपा, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, कोण गेलं, कोण उरलं. त्या लांबलचक यादीत खालच्या बाजूला आमचं आडनाव होतं. बाबांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"हे काय असतं ते मला समजावून सांग," ते सचिनला म्हणाले.

प्राचीने भरल्या वांग्यांसाठी भाजलेल्या शेंगदाण्यांतली एक वाटी काढून दिली, आणि सचिनने ओट्यावरच डाव मांडला. प्रत्येकाला सारखे शेंगदाणे. प्रत्येकाला दोन पानं, पाच पानं मधे सगळ्यांची. संपले की बाहेर, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. "आणि काका, मेन गोष्ट. तुम्ही नुसतं बसून राहिलात, एकही डाव खेळला नाहीत, तरी दर फेरीला तुमची पाळी आली की एवढे भरावेच लागतात." त्याने बाबांच्या ढिगातून काही दाणे मधे सरकवले. "आणि वेळ जाईल तसं ते वाढत जातं."

"मी लघवीला गेलो तर?"

"तरी भरावे लागतात. पानं वाटणारा डीलर तुमच्या ढिगातून काढून घेतो. जागेवर नसलात तर तुमची पानं वाटतात, पण न बघता उचलून टाकतात."

बाबांनी थोडा वेळ ओट्याकडे बघितलं. "म्हणजे जागेवर राहणं महत्त्वाचं."

"करेक्ट!" सचिन खूश झाला. "काका, तुम्हाला कळला गेम."

बाबांना खरंच कळला होता. जुगार हा शब्द त्या रात्रीनंतर त्यांनी उच्चारला नाही. सकाळी मी उठले तर ते प्राचीच्या ओट्यापाशी उभे राहून तिला सांगत होते की मंदूला तिखटमिठाच्या पुऱ्या आवडतात, ओवा जरा जास्त घालून.

विकीअपचा रस्ता

चँडलरहून व्हेगासला जाणारा रस्ता तासन्‌तास वाळवंटातून जातो. आधी हात वर केलेले उंच निवडुंग, मग ते मागे पडतात आणि जोशुआ नावाची वेडीवाकडी झाडं सुरू होतात. घरं नाहीत, गुरं नाहीत, झाडाखाली बसलेलं माणूस नाही. आपल्याकडे कितीही उजाड माळ असला तरी कुठूनतरी एक म्हातारा काठी टेकत येताना दिसतोच. इथे कोणीच येत नव्हतं. मला आधीपासून वाटत होतं की आपण हे करू नये.

विकीअप नावाच्या चिमुकल्या गावात पाय मोकळे करायला थांबलो. खाण्याच्या टपरीवजा हॉटेलात बाबांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीवर आपली टोपी ठेवली. मी म्हटलं, "बाबा, आपण दोघंच आहोत."

"असू दे," ते म्हणाले.

गाडीत बसल्यावर ते बराच वेळ तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. मग म्हणाले, "या खेळात समोरच्याला काय म्हणायचं असतं गं? बेस्ट ऑफ लक?"

"गुड लक म्हणतात बहुतेक."

"गुड लक, मंदार," त्यांनी म्हणून बघितलं. मग, "नको. परक्यासारखं वाटतं." व्हेगासच्या अलीकडचा धरणावरचा पूल येईपर्यंत त्यांनी चारपाच वाक्यं तयार केली आणि खोडली. मी गाडी चालवत होते म्हणून बरं, नाहीतर त्यांना माझा चेहरा दिसला असता.

लास व्हेगास

स्पर्धेचं दालन एका प्रचंड हॉटेलच्या पोटात होतं. खिडकी नाही, घड्याळ फक्त खेळाचं. आत शिरायच्या आधीच आवाज येतो. प्रत्येक खेळाडू विचार करताना हातातल्या चिपा एकमेकांत सरकवत असतो, आणि अशी शेकडो माणसं एका छताखाली. हजार बायका एकदम सुपात तांदूळ पाखडत बसल्या आहेत असं वाटतं. बोलणं जवळपास नाही. टोप्या, काळे चष्मे, कानात तारा, गळ्याभोवती उशा. मला वाटलं होतं जुगाराचा अड्डा बघायला मिळणार, ही तर बोर्डाची परीक्षा निघाली. कोणाच्याही चेहऱ्यावर मजा नव्हती. आपल्याकडे दिवाळीत तीन पानी बसली की निम्मी गंमत मागे उभ्या राहणाऱ्यांची असते. काका ओरडतो, आत्या पानं बघून डोळे मोठे करते, कोणीतरी चिवड्याची प्लेट पत्त्यांवर सांडतं. इथे बघ्यांसाठी एक जाड दोर बांधला होता, आणि दोराच्या अलीकडे आमच्यासारखे मोजके लोक देवळात असल्यासारखे उभे होते.

मंदारचं टेबल दोराला लागूनच होतं. त्याची पाठ आमच्याकडे. केस मागून विरळ झालेले, मान आईसारखी एका बाजूला कललेली. त्याच्यापुढचा ढीग टेबलावर सगळ्यात लहान होता. बाबांनी मला कोपराने ढोसलं. त्यांचे डोळे भरले होते, पण ते हसत होते. खिशातून निळा रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं आणि तो दोरावर टाकून त्यावर हात ठेवून उभे राहिले.

"बघितला," ते कुजबुजले. "झालं माझं काम."

तेव्हाच त्यांना बाहेर न्यायला हवं होतं. पण माणूस दोन दिवाळ्यांनी मुलगा बघतो आणि लगेच पाठ फिरवतो, असं कुठे होतं? आम्ही थांबलो. थोड्या वेळाने मंदारच्या समोरच्या काळ्या चष्म्याच्या माणसाने आपला सगळा ढीग पुढे ढकलला. शेंगदाण्यांच्या शिकवणीमुळे आम्हाला दोघांनाही कळलं की आता मंदारलाही सगळं लावायचं की पानं टाकायची हे ठरवायचं आहे. मंदारने पानांचे कोपरे उचलून पाहिले. हात चिपांकडे नेला, मागे घेतला. परत नेला.

आणि बाबा दोरावरून पुढे वाकून, त्यांच्या मते अगदी हळू आवाजात, म्हणाले, "मंदू, घाई करू नको बाळा. दम धर जरा."

मंदार वळला. मी त्याचा चेहरा पाहिला, आणि तो मला आयुष्यभर विसरता येणार नाही. राग नव्हता. आठवीतल्या मुलाची पालकांना बोलावलेल्या दिवशी जी अवस्था होते, ती होती. त्याने परत तोंड फिरवलं आणि दोन्ही पानं टाकून दिली.

काळ्या चष्म्याच्या माणसाने हात वर केला. "फ्लोअर!"

गळ्यात चष्मा अडकवलेली एक पोक्त बाई आली. ती तिथली पंच. टेबलावर डाव चालू असताना इंग्रजीशिवाय दुसरी भाषा चालत नाही आणि खेळणाऱ्याला दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही, हे दोन्ही नियम आम्हाला ठाऊक नव्हते. सचिनने सगळं सांगितलं, हे सांगायचं राहिलं. आमच्या डोक्यातही आलं नाही, कारण मागे उभं राहून बोलायचं नाही असा पत्त्यांचा डाव आम्ही जन्मात पाहिला नव्हता. बाईने मंदारला विचारलं, हे गृहस्थ कोण, काय म्हणाले? मंदार तोंड उघडायच्या आत बाबांनी मदतीच्या इच्छेने, ऑफिसातल्या खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, आय ओन्ली टोल्ड हिम टू हॅव पेशन्स."

म्हणजे सल्लाच. टेबलावरचे दोघं हसले.

"ही इज माय फादर," मंदार म्हणाला, टेबलाकडे बघत.

बाई वाईट नव्हती. तिने बाबांना तिथे उभं राहू दिलं, फक्त न बोलण्याच्या अटीवर. पण मंदारला शिक्षा झाली. टेबलाचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत बाहेर. तो उठला, जॅकेट घेतलं आणि आमच्या बाजूने न येता पलीकडच्या दाराने निघून गेला.

बाबा माझ्याकडे वळले. "म्हणाला ना तो, माय फादर?"

"हो बाबा."

"सगळ्यांसमोर म्हणाला." त्यांनी रुमाल नीट केला. "एक फेरा झाला की येईल. तोवर पाळीची भरणी तेवढी जाणार. तू बघून ये कुठे गेला. पुऱ्या दे. मी आहे इथे जागेवर."

बाहेरचा कॉरिडॉर

मंदार बाहेरच्या लांबच लांब कॉरिडॉरमध्ये, भिंतीला टेकून गालिच्यावर बसला होता. त्याच्या आजूबाजूला हरलेले बरेच जण तसेच बसून फोन चार्ज करत होते. मी शेजारी बसून पुऱ्यांचा डबा पुढे केला. त्याने न विचारता डबा उघडला आणि एक पुरी खाल्ली, मग दुसरी.

"कोणी केल्या?"

"प्राचीने. बाबांनी उभं राहून करून घेतल्या."

त्याने डबा बंद केला. "कशाला आणलंस ताई त्यांना?"

"पुढच्या आठवड्यात निघतायत. आता परत यायचे नाहीत, डॉक्टरांनी नाही म्हटलंय. त्यांना तुला एकदा बघायचं होतं."

"मला फोन करायचास."

"तू उचलतोस?"

त्याने डबा मांडीवरून खाली ठेवला. मग म्हणाला, "हे बघ, मी चिडलेलो नाहीये गं. आय स्वेअर. पण ते मागे उभे राहिले ना, की मला काही सुचत नाही. दहावीला सेंटरच्या खिडकीबाहेर उभे होते ते. कॉलेजच्या ॲडमिशनला मागे उभे. व्हिसाच्या इंटरव्ह्यूला रस्त्यापलीकडे उभे. आयुष्यात ही एकच गोष्ट मी त्यांच्याशिवाय केली. चांगली की वाईट, ते सोड. पण त्यांच्याशिवाय केली."

"शिक्षा संपली असेल आता. जा, बस जागेवर."

"ते तिथे असताना नाही बसू शकत मी. तू त्यांना खाली ने, काहीतरी खायला घाल. ते गेले की मी आत जातो. अजून चान्स आहे. थोडेसे लोक गेले की बक्षिसात येतो मी. टिकलो तर संध्याकाळी भेटतो त्यांना, जेवायला नेतो."

"आणि नाही टिकलास तर?"

"हरलेला नाही भेटणार," मंदार म्हणाला. "तो शब्द नाही ऐकायचाय मला परत."

मी त्याला सांगितलं की बाबा आता तो शब्द वापरत नाहीत. त्याने मान हलवली, पण त्याला ते पटलं नाही. आणि खरं तर सगळं सोपं होतं. बाबांनी दोरापासून निघून जायचं, एवढंच.

परत दोराशी

"भेटला?" बाबांनी विचारलं.

"भेटला. पुऱ्या खाल्ल्या."

"मग येईलच." ते समाधानाने समोर बघायला लागले. मंदारच्या खुर्चीपुढे त्याचा ढीग तसाच होता, पण बुटका झालेला. डीलर दर डावाला त्या रिकाम्या जागेपुढे दोन पानं टाकत होती आणि पाळी आली की न बघता ती ओढून घेत होती.

"निदान पानं तरी बघा त्याची," बाबा स्वतःशी म्हणाले.

"बाबा, चला, जरा चहा घेऊ."

"तू घे. दोघंही हललो तर इथे कोण?"

"तुमची दुपारची गोळी राहिलीय."

त्यांनी खिशातून गोळी काढून, पाण्याशिवाय, तिथेच गिळली.

"बाबा, किती वेळ उभे राहणार? पाय सुजतील."

"तो येईपर्यंत. शिक्षेवर गेलेल्या पोराने परत आल्यावर बघावं काय, की आपलं माणूस निघून गेलं?"

मला सांगायचं होतं. दहा वेळा शब्द जिभेवर आले. बाबा, तुम्ही इथे आहात म्हणून तो येत नाही. एवढं एकच वाक्य. पण ज्या माणसाने आयुष्यभर आपल्यासाठी जागा धरल्या, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? सांगितलं असतं तर ते लगेच निघाले असते, एक शब्द न बोलता, आणि नागपूरला पोचेपर्यंत बोलले नसते. नाही सांगितलं तर समोर ढीग उतरत होता. मी मंदारला मेसेज केला, "ते हलत नाहीत. तूच ये. प्लीज." त्याचं उत्तर आलं, "ट्राय करतो." दार उघडलं की मी मान वळवायचे. दर वेळी दुसराच कोणीतरी कॉफी घेऊन आत यायचा.

खेळाच्या घड्याळाने टप्पा बदलला, भरणी वाढली. डीलर बदलली. नवी आली तिला ती खुर्ची कोणाची हेही माहीत नसणार. ती शांतपणे चिपा पुढे ओढायची. मला राग कोणाचा करावा ते कळेना. तिचा नाही, पंच बाईचा नाही, त्या काळ्या चष्म्याचाही नाही. सगळे नियमाने वागत होते. आमच्याच घरात नियम नव्हता, की दोन माणसांनी एकमेकांना इतका जीव लावला तर त्यांनी एकमेकांना कधी सोडायचं.

शेवटी दोन चिपा उरल्या. बाबा दोरावर दोन्ही हात घट्ट धरून उभे होते. फेरा परत मंदारच्या जागेवर आला, डीलरने त्या दोन्ही चिपा पुढे घेतल्या, पानं वाटली, आणि मंदारची पानं पहिली उचलली. डाव संपल्यावर तिने मान वर करून मोठ्याने हाक दिली, "सीट ओपन!"

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

"जागा रिकामी झाली," मी म्हणाले. दुसऱ्या टेबलावरून एक तरुण माणूस आपल्या चिपा एका खोक्यात घालून घेऊन आला, मंदारची खुर्ची ओढली, जरा पुढेमागे केली आणि बसला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोरावरचा रुमाल काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

कॉरिडॉरमध्ये मंदार नव्हता. भिंतीशी रिकामा डबा होता, पुसून स्वच्छ केलेला.

परतीचा रस्ता

वाटेतल्या किंगमन गावाच्या आसपास फोनला रेंज आली तेव्हा मंदारचा मेसेज दिसला. "सॉरी ताई. नेक्स्ट टाइम नक्की भेटतो बाबांना, प्रॉमिस." मी गाडी बाजूला घेतली आणि बाबांना वाचून दाखवला. त्यांनी "बरं" म्हटलं. पुढची वेळ नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. खिडकीबाहेर तीच वेडीवाकडी झाडं उलट्या बाजूने येऊन मागे जात होती. विकीअपला आम्ही थांबलो नाही.

फिनिक्सच्या विमानतळावर गर्दी होती. गेटपाशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मिळाल्या. बाबा एकीवर बसले. मी म्हटलं, "बाबा, मी कॉफी घेऊन येते. माझ्या खुर्चीवर रुमाल टाका."

ते समोर धावपट्टीकडे बघत होते. हात खिशाकडे गेला नाही.

"रुमालाचं काय घेऊन बसलीस," बाबा म्हणाले. "मी स्वतः उभा होतो. तरी गेली."